पुढची तारीख आणि पाठीमागचे वय : सोलापुरातील एका दुकानातले जर्मन शर्यतींचे बिल्ले

सोलापुरात बाळीवेशीच्या अलीकडे एका अरुंद बोळात जुन्या वस्तूंचे दुकान आहे. पितळी समया, तांब्याचे हंडे, चावीची घड्याळे आणि बंद पडलेल्या गिरण्यांतून आलेल्या लाकडी बॉबिनी यांच्या दाटीत तिथे मखमलीचे अस्तर लावलेला एक उथळ ट्रे ठेवलेला असतो आणि त्यात जर्मनीतील मोटारशर्यतींचे जुने बिल्ले मांडलेले असतात. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मी पहिल्यांदा तिथे गेलो आणि त्यानंतर तीन वेळा गेलो. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझी तक्रार दुकानदाराच्या सचोटीबद्दल नसून प्रत्येक बिल्ल्याला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर तो जी तारीख लिहितो तिच्याबद्दल आहे. ज्यांना या वस्तूंची आवड आहे त्यांना ते दुकान विचारत विचारत सहज सापडेल.

आधी चांगले ते सांगतो. बिल्ला हातात घेऊन कितीही वेळ पाहू दिला जातो. बसायला स्टूल मिळते, खिडकीजवळचा उजेड मिळतो, आणि मी खिशातून सराफी भिंग काढल्यावर दुकानदाराने कपाळाला आठी न घालता टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला. आपल्याकडे गिऱ्हाईकालाच 'मालक' म्हणण्याची पद्धत आहे, त्याप्रमाणे तो म्हणाला, "बसा की मालक, वस्तू कुठं पळून जात नाही." पावतीवर आठ दिवसांत परत घेण्याचे वचन हाताने लिहून दिले जाते. वस्तू हाती येण्यापूर्वी छायाचित्रावरच पैसे भरावे लागणाऱ्या ऑनलाइन लिलावांच्या तुलनेत ही सोय फार मोठी आहे, कारण या बिल्ल्यांची खरी माहिती बहुतेक वेळा छायाचित्रात न येणाऱ्या बाजूवर, म्हणजे पाठीवर असते.

पुढच्या बाजूचे साल हे शर्यतीचे साल असते; ते त्या वस्तूचे वय असेलच असे नाही. हा भेद दुकानदार करत नाही आणि त्याच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

ट्रेमधील सर्वांत महाग बिल्ला 6,500 रुपयांचा होता. त्यावर न्यूर्बुर्गचा डोंगरी किल्ला, खाली वळणावळणाचा रस्ता, 'आयफेलरेनेन 1936' आणि 'न्यूर्बुर्गरिंग' ही अक्षरे आणि वरच्या कडेला एडीएसी या क्लबची आद्याक्षरे होती. चिठ्ठीवर लिहिले होते, 'अस्सल, 1936, रेसरचा'. न्यूर्बुर्गरिंग ही शर्यतीची वाट आयफेल पर्वतात जून 1927 मध्ये खुली झाली, तिचा उत्तरेकडचा फेरा सुमारे 22.8 किलोमीटरचा होता आणि तो त्या किल्ल्याच्या भोवतीनेच जात असल्याने किल्ल्याचे चित्र तिथल्या बिल्ल्यांवर सर्रास दिसते. 1936 ची आयफेल शर्यतही खरीच झाली आणि दाट धुक्यात ऑटो युनियनची गाडी हाकून बर्न्ट रोझमायरने ती जिंकली. इथवर सगळे जुळते. न जुळणारी गोष्ट आहे ती क्लबची आद्याक्षरे.

एडीएसी ही संस्था 1903 मध्ये स्टुटगार्ट येथे मोटारसायकलस्वारांची संघटना म्हणून स्थापन झाली आणि 1911 मध्ये तिने आजचे नाव घेतले. 1933 मध्ये नाझी राजवटीने देशातील मोटार क्लब एकत्र आणून डीडीएसी नावाची एकच संघटना उभी केली, त्यात एडीएसीचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि युद्धानंतर 1946 मध्ये ती पुन्हा उभी राहिली. मधल्या वर्षांत मोटारक्रीडेवर एनएसकेके या निमलष्करी मोटार दलाचे नियंत्रण होते. त्यामुळे 1934 ते 1945 या काळातले साल आणि एडीएसीची आद्याक्षरे एकाच बिल्ल्यावर असतील तर तो बिल्ला त्या साली तयार झालेला असणे शक्य नाही. तो फार तर नंतर काढलेला स्मरणाचा बिल्ला असेल, नाहीतर सरळसरळ बनावट. असा विरोध पुढच्याच बाजूवर दिसला तर पुढचे काही तपासले नाही तरी चालते. मी तपासले, कारण पावतीवरच्या आठ दिवसांच्या अटीचा खरेपणा मला पाहायचा होता आणि त्यासाठी मी तो बिल्ला पूर्ण पैसे मोजून घरी आणला.

भिंगाखाली त्याची अक्षरे साबणाच्या वडीवर कोरल्यासारखी गोल कडांची दिसली. अस्सल जुने बिल्ले पोलादी ठशाखाली पत्रा दाबून काढलेले असतात, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि अक्षरांमधली जमीन एकसारखी बसते. अस्सल बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत कडा बोथट होतात, जमिनीवर बारीक छिद्रे दिसतात आणि थंड होताना धातू आकसत असल्याने नक्कल मूळ वस्तूपेक्षा किंचित लहान भरते. या बिल्ल्याच्या पाठीवर तपकिरी लुकण फासले होते, जे कापसाला स्पिरिट लावून पुसताच निघाले आणि खालून नवा करडा धातू दिसला. त्यातच न्यूर्बुर्गरिंग या नावातील पहिल्या स्वराक्षरावरचे दोन ठिपके गायब होते. आपल्याकडे कोणी 'सोलापूर'मधला ऊकार खाल्ला तर तो जसा डोळ्यांत खुपेल, तशी ही चूक जर्मन वाचकाला खुपते, आणि जर्मन क्लब आपल्याच शर्यतीच्या नावात ती सहसा करणार नाही.

शेवटची खात्री ओळखीच्या सराफांकडे केली. त्यांचा काटा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि बिल्ला दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचा. काट्यावर जितके ग्रॅम येतील तितके घन सेंटिमीटर पाणी बिल्ल्याने बाजूला सारलेले असते. हवेतल्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. आयफेलचा बिल्ला हवेत 78.4 ग्रॅम भरला आणि पाण्यात आकडा 11.7 आला, म्हणजे घनता 6.7. हा आकडा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा आहे. जुने चांगले बिल्ले बहुधा तांबे जास्त आणि जस्त कमी अशा लालसर पितळाचे असतात, ज्याची घनता 8.7 च्या आसपास असते. मीना म्हणजे काच असल्याने आणि काच हलकी असल्याने पूर्ण बिल्ल्याचा आकडा थोडा खाली उतरतो, पण 6.7 पर्यंत येत नाही. एक सावधगिरी मात्र इथेच सांगायला हवी : 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात युद्धाच्या तयारीसाठी तांबे राखून ठेवले जाऊ लागले तेव्हा जर्मनीत पदके आणि बिल्ले जस्तातही निघू लागले, म्हणून केवळ जस्त आहे एवढ्यावरून वस्तू बनावट ठरत नाही. अशा अस्सल जस्तावर वयाची कोरडी करडी बुरशी चढलेली असते आणि ती स्पिरिटने निघत नाही.

सहाव्या दिवशी मी बिल्ला परत नेला. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतले, पैसे परत दिले आणि एवढेच म्हणाला की ही वस्तू त्याला गिरणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यातील सामानाबरोबर मिळाली होती. सोलापुरात ही कथा प्रत्येक जुन्या वस्तूला चिकटलेली असते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा बंगल्यांतून निघालेले सामान खरोखर बाजारात आले, हे मीही पाहिले आहे, पण त्या सगळ्या साहेबांनी मिळून इतकी घड्याळे, दुर्बिणी आणि बिल्ले वापरले असते तर गिरणी चालवायला त्यांना वेळ मिळाला नसता.

चिठ्ठीवरच्या 'रेसरचा' या शब्दाबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण किंमत याच शब्दावर वाढते. या प्रकारच्या बिल्ल्यांपैकी फार थोडे प्रत्यक्ष शर्यतीत गाडी चालवणाऱ्यांचे असतात. मोठ्या शर्यतीच्या दिवशी क्लबांचे सभासद आपापल्या गावाहून गाड्या आणि मोटारसायकली घेऊन शर्यतीच्या ठिकाणी जमत. आषाढीला चहूकडून पालख्या पंढरपुरात येतात तशा या सामूहिक यात्रांना जर्मन भाषेत 'श्टेर्नफार्ट', म्हणजे ताऱ्याच्या किरणांसारखा प्रवास, असे म्हणतात. पोहोचलेल्या प्रत्येकाला बिल्ला किंवा छोटी पाटी मिळे. भोके पाडलेली किंवा पाठीला स्क्रू असलेली पाटी गाडीच्या जाळीवर अगर डॅशबोर्डवर बसे, तर पिन असलेला लहान बिल्ला कोटावर लागे. त्यामुळे असे बिल्ले संख्येने पुष्कळ निघाले आणि ते आजही मिळतात, ही या छंदाच्या दृष्टीने आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त त्यांना कराचिओलासारख्या नामांकित रेसरच्या कोटावरचे समजून पैसे मोजू नयेत.

ट्रेमधील दुसरा बिल्ला मला पहिल्यापेक्षा कितीतरी आवडला. तो लहान होता, पिन लावायचा, त्यावर बर्लिनचे अस्वल आणि तिरप्या भिंतीसारख्या उंच वळणावरून जाणारी गाडी होती आणि खाली 'आव्हुस' एवढाच शब्द होता. साल नव्हते. चिठ्ठीवर मात्र 1926 होते आणि किंमत 2,200 रुपये होती. दुकानदाराने हे साल कुठून आणले ते विचारल्यावर त्याने बरोबर उत्तर दिले : जर्मनीची पहिली ग्रां प्री जुलै 1926 मध्ये बर्लिनमधल्या आव्हुस रस्त्यावर झाली आणि मर्सिडीज चालवणाऱ्या रुडॉल्फ कराचिओलाने ती पावसात जिंकली. माहिती खरी आहे, पण ती या बिल्ल्याची नाही. आव्हुस 1921 मध्ये सुरू झाला तेव्हा दोन लांब सरळ रस्ते आणि टोकांना वळणे अशी त्याची रचना होती. उत्तरेकडच्या टोकाचे 43 अंश कललेले विटांचे वळण 1937 च्या शर्यतीसाठी बांधले गेले. त्या वर्षी त्या वळणावरून जात हेर्मान लांगने ताशी सुमारे 261 किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. हे वळण 1967 मध्ये पाडण्यात आले. म्हणजे ज्या बिल्ल्यावर हे वळण आहे तो 1937 पूर्वीचा असूच शकत नाही, मग चिठ्ठी काहीही म्हणो.

सर्वांत आधीचे साल असे ठरल्यावर सर्वांत नंतरचे शोधायचे, तर पाठ उलटावी लागते. पाठीवर निर्मात्याचे नाव नव्हते, फक्त 'गेस. गेश.' ही संक्षिप्त अक्षरे होती. त्यांचा अर्थ 'कायद्याने संरक्षित' एवढाच असून ती अनेक दशके वापरात असल्यामुळे त्यांवरून काळ ठरत नाही. दुकानदार मात्र ती दिसली की चिठ्ठीवर 'युद्धापूर्वीचा' असे लिहितो. काळ सांगणारी अक्षरे वेगळी आहेत. 'डीआरपी' आणि 'डीआरजीएम' या नोंदणीच्या खुणांतील 'आर' हे अक्षर 'राइश' या शब्दाचे आहे, त्यामुळे ती 1945 पर्यंतच्या मालावर शोभतात, तर 'डीबीजीएम'मधील 'बी' हे अक्षर 'बुंड' म्हणजे युद्धानंतरच्या संघराज्याचे आहे, त्यामुळे ते पश्चिम जर्मनीच्या काळातले. आमच्या बिल्ल्यावर दोन्ही नव्हती. मीना मात्र अस्सल होता आणि स्वस्तिकचिन्ह नव्हते. नाझी काळातल्या मोठ्या शर्यतींच्या बिल्ल्यांवर सरकारी चिन्हे बहुधा येतात, शिवाय युद्धानंतर 1950 च्या दशकात आव्हुसवर शर्यती पुन्हा होऊ लागल्या आणि 1959 ची जर्मन ग्रां प्री तिथेच होऊन फेरारीच्या टोनी ब्रुक्सने जिंकली. या सर्वांचा विचार करता माझा कौल 1950 च्या दशकाकडे जातो, मात्र सही करून द्यायचे झाले तर मी '1937 नंतर, 1967 च्या आसपासपर्यंत' एवढेच लिहीन.

मीना अस्सल आहे हे कसे कळते, हे सविस्तर लिहितो, कारण नव्या गिऱ्हाइकाची फसगत इथेच जास्त होते. मीना म्हणजे रंगीत काचेची भुकटी. ती ठशाने उठवलेल्या कप्प्यांत भरून सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवतात, थंड झाल्यावर दगडाने घासून धातूच्या कडांशी सपाट करतात आणि त्यानंतर उघड्या धातूवर निकेलचा किंवा क्रोमियमचा मुलामा चढवतात. असा पृष्ठभाग गालाला लावला तर थंडगार लागतो, उजेडात तिरपा धरला तर भिंगाखाली घासल्याच्या अतिशय सूक्ष्म रेषा दिसतात आणि कुठे टवका उडाला असेल तर तो फुटलेल्या काकणासारखा, शिंपल्याच्या वळणाचा असतो. उलट रंगाचा किंवा राळेचा थर कोपऱ्यांत फुगवटा धरतो, नखाने दाबला तर दबल्यासारखा वाटतो आणि निघाला तर पोपड्यासारखा निघतो. मुलाम्याचा रंगही काही सांगतो : निकेलला किंचित पिवळसर ऊब असते आणि क्रोमियमला निळसर झाक, आणि क्रोमियमचा मुलामा 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातच सर्वत्र पसरला. त्यामुळे 1912 चे साल मिरवणारा क्रोमियमचा चकचकीत बिल्ला दिसला तर तो जागीच ठेवावा.

दुर्दैवाने मुलाम्याचा हा पुरावा या दुकानात अनेकदा पुसलेला असतो. दुकानदाराचा पुतण्या देवाची भांडी घासावीत तसे सगळे बिल्ले चिंचेने घासतो. आव्हुसच्या बिल्ल्याच्या पुढच्या कडांवरचे निकेल त्याने जवळपास उतरवले होते आणि पिनच्या डाकाभोवतीचा जुना काळा थर, जो पिन मूळची आहे की नंतर जोडलेली हे सांगतो, तोही गेला होता. माझ्या मते या दुकानाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे. चुकीची चिठ्ठी फाडता येते. घासलेला मुलामा परत येत नाही.

तिसरा बिल्ला मी विकत घेतला आणि तो माझ्याजवळ आहे. तो स्टुटगार्टजवळच्या झोलिट्यूड शर्यतीचा, गाडीच्या जाळीवर बसवायचा, क्रोमियमच्या कडेचा आणि निळ्या-पांढऱ्या मीन्याचा आहे. पुठ्ठ्याच्या डबीसह मिळाल्यामुळे तो चिंचेतून वाचला. त्यावर साल नाही, पण 'एडीएसी गाऊ वुर्टेमबेर्ग' असे लिहिले आहे आणि त्या 'गाऊ' शब्दावरून चिठ्ठीवर 'हिटलरकाळ' असे लिहून 3,500 रुपये मागितले होते. नाझी पक्षाचे प्रादेशिक विभाग 'गाऊ' म्हणवले जात हे खरे, पण एडीएसीच्या प्रादेशिक शाखांनाही तेच नाव हिटलरच्या आधीपासून होते आणि युद्धानंतरही राहिले. अक्षराच्या वळणाबद्दलही असाच गैरसमज आहे : जुनी टोकेरी फ्राक्तुर लिपी दिसली की लोक ती नाझींची समजतात, प्रत्यक्षात जानेवारी 1941 मध्ये त्या राजवटीनेच तिचा वापर थांबवण्याचा आदेश काढला.

झोलिट्यूडचे वय डबीने सांगितले. झाकणाच्या आत निर्मात्याचा पत्ता छापलेला आहे आणि गावाच्या नावाआधी चार आकडी पिन क्रमांक आहे. पश्चिम जर्मनीत असे चार आकडी क्रमांक 1961 मध्ये आले आणि 1993 मध्ये त्यांची जागा पाच आकड्यांनी घेतली. झोलिट्यूडच्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यती 1965 मध्ये कायमच्या बंद झाल्या. डबी आणि बिल्ला एकमेकांचे असतील, तर काळ 1961 ते 1965 या चार-पाच वर्षांत येऊन बसतो. डब्या बदलल्या जातात, म्हणून मी बिल्ला कापसाच्या गादीत ठेवून पाहिला. त्या गादीवर स्क्रूंच्या दोन खळग्या आणि कडेची हिरवट रेघ बरोबर त्याच जागी उमटलेली आहे. सराफांच्या काट्यावर तो 96.8 ग्रॅम भरला, पाण्यात 12.1, म्हणजे घनता 8.0. 'हिटलरकाळ' हा शब्द काढायला लावल्यावर दुकानदाराने 500 रुपये कमी केले. साठीच्या दशकाचा चांगला बिल्ला 3,000 रुपयांना, डबीसह, ही माझ्या हिशेबाने रास्त किंमत आहे.

ज्या बिल्ल्यांवर खरोखर नाझी चिन्हे आहेत ते ट्रेमध्ये दोन होते; ते मी तपासले नाहीत आणि घेणारही नाही. जर्मनीत त्यांच्या जाहीर प्रदर्शनाला दंडविधानाच्या 86अ कलमाने बंदी आहे, आणि याच प्रकारात नकला सर्वांत जास्त निघतात, हे एवढे पुरेसे आहे. पूर्व जर्मनीचे बिल्लेही एक-दोन आहेत, हलक्या अॅल्युमिनियमचे आणि स्वस्त. त्यांच्यावर एडीएमव्ही ही आद्याक्षरे असतील तर ती संघटना 1957 ची आहे, आणि झाक्सेनरिंग हे नावच 1937 पासूनचे आहे, एवढे ध्यानात ठेवले तर चिठ्ठीची गरज पडत नाही.

मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा आयफेलचा बिल्ला ट्रेमध्येच होता. चिठ्ठीवरचे साल आणि 'रेसरचा' हा शब्द खोडून त्याजागी 'शोभेचा' लिहिले होते आणि किंमत 900 रुपयांवर आली होती, याचे श्रेय दुकानदाराला द्यायलाच हवे. आव्हुसच्या चिठ्ठीवर माझेच शब्द होते, '1937 नंतर', आणि किंमत 2,200 वरून 2,800 झाली होती. मी त्याच्याकडे पाहिल्यावर तो म्हणाला, "आता अभ्यास झालाय मालक, अभ्यासाचे पैसे लागतात की." 2,600 रुपयांना मी तो घेतला आणि पुतण्यासमोरच कोरड्या कापडात गुंडाळला.